मस्टरवरची सही

अंधेरी, रेल्वे क्वार्टर्स
दि. ८ मे १९७७

प्रिय बळवंता,

नमस्कार. आम्ही सगळी खुशाल. पार्वतीवहिनींना आणि पोरांना धाकूकाकाने विचारलंय म्हणून सांग.

इकडे ऊन मी म्हणतंय. दुपारी सिग्नल केबिनच्या खिडकीतून पवईचे डोंगर पाण्यात हलल्यासारखे दिसतात. डोळा लागतो आणि तू दिसतोस, हातात फडकं घेऊन लिव्हर ओढणारा. तीन वर्षं झाली तुला जाऊन, मेल्या, स्वप्नात तू जरासुद्धा म्हातारा होत नाहीस.

बातमी अशी, की चौऱ्याहत्तरच्या रेल्वे संपात काढलेल्यांना परत कामावर घेतायत. काल आपल्या चंदूला हार घातले. यादीत तुझं नाव नाही. कसं असणार? कागदावर तू संपात नव्हतासच. हजेरीच्या मस्टरवर वीसच्या वीस दिवस तुझी सही!

त्या मस्टरवरून तर तुझ्याच युनियनवाल्यांनी तुला फितूर ठरवलं, तुझ्याबरोबर चहा घेणं बंद केलं. तू ओरडून सांगत होतास, मी अटक चुकवायला खारदांड्याला कोळ्यांच्या घरी लपून होतो रे! कुणी ऐकलं नाही. राजीनामा फेकून गावी गेलास. हा साहेबाचाच डाव, असं म्हणालास, आणि मी होकाराची मान हलवली.

बळवंता, ती सही मी करत होतो.

तुझी युनियन संपावर, माझी कामावर. केबिनमध्ये मी एकटा. गाडी कुठे एखादी, रुळांवर चिमण्या. इतकं शांत, की तू शेजारीच उभा आहेस असं वाटायचं. देवाशप्पथ, बोलायचोसुद्धा तुझ्याशी. क्वार्टर खाली करायची नोटीस वहिनींच्या हातात पडली, त्या दिवशी तुझ्या नावापुढे सही ठोकली, मागच्या दिवसांचीही. म्हटलं, घर तरी वाचेल. मग रोजच करत गेलो. साहेबाला वर जास्त हजेरी दाखवायचीच होती, त्याने डोळेझाक केली. तुझ्या इज्जतीचं काय होईल, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नाही रे.

आज सकाळी तुमच्या युनियनच्या गेट मीटिंगमध्ये उभा राहून सगळं बोललो. तुझी माणसं अंगावर आली, माझी मला गद्दार म्हणाली. चंदू मात्र ढसाढसा रडला. मी लेखी दिलंय. माझी नोकरी जाईल, जाऊ दे. तू संपात होतास, हे आता सगळ्यांना ठाऊक आहे.

तुला परत घ्यायचा अर्ज चंदू भरतोय. ये. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस, पण ये.

तुझा म्हणवायची लायकी नसलेला, तरी तुझाच,
धाकू