लग्नाने बदललेला देश

ग्लॉस्टर, ऑक्टोबर १९२०

प्रिय आई,

आम्ही सुखरूप आहोत. गास्पारेचा खोकलाही कमी आहे. तुझा गुडघा कसा आहे?

बायकांना मताचा हक्क मिळाला, म्हणून परवा नवी टोपी घालून नाव नोंदवायला गेले. कारकून म्हणाला, "बाई, नवरा इटलीचा, म्हणजे कायद्याने तुम्हीही इटलीच्याच."

"अहो, माझा जन्म इथला, अमेरिकेतला. इटली मी फक्त नकाशात पाहिलीय!"

तो हसला. माझा नुसता जळफळाट झाला.

आता गास्पारे नागरिक झाला, तरच मी पुन्हा अमेरिकन. म्हणून रोज त्याला राज्यघटना शिकवते. काल तो म्हणाला, "हॅटी, तुला सगळं पाठ आहे. परीक्षा तूच का देत नाहीस?"

लग्न झालेल्या बाईची परीक्षा कायदा घेतच नाही, आई!

तू मत द्यायला जाताना मताच्या हक्कासाठीच्या मोर्च्यातला माझा पिवळा पट्टा घालून जा. निदान तो तरी आत जाईल.

अजून तरी तुझीच,
हॅटी