सुतारकाकांच्या उलट्या स्टिक्स

प्रिय धाकटे,

पाकीट पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. आईचा आवाज आणि आईचा हट्ट दोन्ही शाबूत आहेत. फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोनवर मी हॉकीचा नुसता विषय काढला की तुझ्या गॅसवरचं दूध उतू जातं. एवढं दूध उतू जाऊ देणारी बाई महिन्याचा हिशोब कसा जमवते, याचं आईला फार आश्चर्य वाटतं. मला वाटत नाही, मला ते दूध चांगलं माहीत आहे. पत्राचं बरं असतं, ते मध्येच तोडता येत नाही. आणि अर्धवट सोडलेली गोष्ट तुला झोपू देत नाही, हेही मला माहीत आहे. तेव्हा आता मुकाट्यानं खुर्चीत बस आणि वाच. माझ्या शाळेत हॉकी सुरू झालीय! मीच सुरू केलीय! मी, जिला चेंडू दिसला की आधी डोकं खाली घालायची सवय!

तू आमची शाळा पाहिली आहेस. दोन इमारतींच्या मध्ये खडीचा एक पट्टा, एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीची काच. त्या काचेपायी माझ्या खेळाच्या तासाला मुलं फक्त हात वर, हात खाली करायची. आणि रस्त्याच्या पलीकडे, जाळीच्या कुंपणामागे, हॉकी क्लबचं ते हिरवंगार मैदान दुपारभर रिकामं! त्यावर पाण्याचे फवारे उडायचे आणि माझी पोरं जाळीला नाक लावून ते बघत राहायची. क्लबात शिरायचं म्हणजे सभासदत्व हवं, गणवेश हवा, स्वतःची स्टिक हवी, सोडायला-आणायला घरचं कुणीतरी मोकळं हवं. आमच्याकडे यातलं काहीच नाही. पण रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही, म्हणून एका दुपारी मी तडक आत गेले आणि मैदान मागितलं.

तिथले प्रशिक्षक म्हणजे एक वल्ली आहे. पिकलेल्या मिशा, गळ्यात शिट्टी, चहा पितानाही ती काढत नाहीत. पोरांनी पहिल्याच दिवशी त्यांचं बारसं केलं, शिट्टीमामा. मला वाटलं हे मला हाकलणार, तर ते म्हणाले, बाई, मी कधीपासून वाट बघतोय कुणीतरी विचारेल म्हणून. मात्र मैदान त्यांच्या एकट्याच्या हातात नाही, क्लबाची समिती आहे आणि समितीला मैदान खराब होण्याची धास्ती. बरीच बोलाचाली होऊन शेवटी ठरलं ते असं. आमची शाळा आणि शेजारची शाळा, दोघींनी समितीसमोर एक सामना खेळायचा. कोण जिंकतं याच्याशी समितीला देणंघेणं नाही. मुलं पूर्ण संघानिशी, नियमानं, नीट खेळताना दिसली, की वर्षभर रोज दुपारी मैदान शाळांचं. दिसली नाहीत, तर पुन्हा जाळी आणि नाक. सामना येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी आहे. मला आत्तापासून जेवण गोड लागत नाही.

मग प्रश्न आला स्टिक्सचा. क्लबाकडच्या जुन्या स्टिक्स मोठ्या माणसांच्या, आमच्या पोरांच्या गळ्यापर्यंत येणाऱ्या. तर शाळेच्या मागच्या गल्लीत एक सुतारकाका आहेत, वाकवलेल्या हातांच्या खुर्च्या करतात. वाफेवर लाकूड वाकवणं हा त्यांच्या हातचा मळ. त्यांची नात माझ्याच वर्गात आहे. मी क्लबाची एक स्टिक नमुना म्हणून त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, काका, अशाच, पण बुटक्या. त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली, कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, पोरांत डावखुरी किती? मला एवढं भरून आलं म्हणून सांगू! कात्रीपासून बाकापर्यंत डावखुऱ्यांचा विचार कोण करतं? तू शाळेत उजव्यांच्या बाकावर तिरकी बसून लिहायचीस ते आठवलं. मी मुलांना हात वर करायला लावले आणि काकांना आकडा कळवला. इकडे मुलांनी जुन्या पुठ्ठ्यांचे पट्टे कापून मोज्यांत खुपसले, झाली नडगीची ढाल. मुख्याध्यापिकाबाईंनीही काचेला आतून जाड पडदा लावून घेतला, म्हणजे त्यांचाही आशीर्वाद समज.

स्टिक्स आल्या त्या दिवशी शाळेत नुसता गोंधळ! ताज्या लाकडाचा वास, मुठीला गुंडाळलेली रंगीत कापडी पट्टी, जो तो आपली छातीशी धरून. खडीवर टेनिसच्या चेंडूनं आम्ही कितीतरी दुपारी खेळलो. डावखुरी पोरं तर अशी सुटली की विचारू नकोस. त्यांत सुतारकाकांची ती नात, तिला सगळे ठिणगी म्हणतात. काटकुळी, एक वेणी कायम सुटलेली. चेंडू तिच्याकडे गेला की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं, एवढाच आमचा डावपेच. मग एक दिवस मोठ्या ऐटीत मी सगळी फौज घेऊन क्लबावर सरावाला गेले. पाचेक मिनिटं झाली असतील नसतील, दोन पोरं चेंडूच्या एकाच बाजूला येऊन एकमेकांवर धडकली, मग आणखी दोन, स्टिकवर स्टिक खाडखाड. शिट्टीमामांनी शिट्टी फुंकली, ठिणगीच्या हातातली स्टिक घेतली, फिरवून पाहिली, परत फिरवून पाहिली, आणि मग तिथेच गवतावर फतकल मारून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

तुझ्या लक्षात आलंच असेल. हस, पोटभर हस. काकांनी डावखुऱ्यांसाठी आरशात दिसते तशी स्टिक केली होती, सपाट बाजू उजवीकडे. आणि हॉकीत डावी स्टिक नावाची चीजच नसते! सपाट बाजू सगळ्यांची डावीकडेच, चेंडू मारायचा तो त्याच बाजूनं. काकांना हे माहीत असायचं कारण नव्हतं. पण मला? तुझे सगळे सामने बघितले, घसा बसेपर्यंत ओरडले, तुझ्या स्टिक्स उन्हात वाळवल्या, आणि सपाट बाजू कुठली ते कधी बघितलं नाही! मी आपली समजून चालले होते की तू लिहायला डावखुरी, कंगवा धरायला डावखुरी, मला गुद्दा घालायला डावखुरी, म्हणजे तुझी स्टिकही डावीच असणार. कप्पाळ माझं. गाढवाला गुळाची चव काय, असं तू म्हणायच्या आत मीच म्हणून टाकते.

पण हसणं तिथेच संपलं. काकांनी कानकोंडे होऊन दिवसरात्र खपून त्या पोरांसाठी सरळ स्टिक्स करून दिल्या, आणि पोरं त्यांना हात लावायला तयार नाहीत. ठिणगी म्हणाली, सगळं जग उजव्यांचं, एक गोष्ट आमची मिळाली तीही काढून घेतली. आणि तिच्यामागून सगळी डावखुरी जी शाळेच्या पायऱ्यांवर जाऊन बसली आहेत ती बसलीच आहेत. त्यांच्यावाचून माझा संघ पुरा होत नाही, आणि संघ पुरा नाही म्हणजे मैदान गेलं, दोन्ही शाळांचं. मी समजावलं, ओरडले, चॉकलेटचं आमिष दाखवलं. शिट्टीमामांनी तर शाळेत येऊन हात धरून दाखवलं, की अगं, स्टिक फिरवायचं सगळं काम वरच्या हाताचं, आणि वरचा हात डावाच असतो, म्हणजे तुम्हाला उलट जास्त सोपं! त्यावर ठिणगी काय म्हणाली माहितीये? तुम्ही उजवे, तुम्हाला काय कळणार. बिचारे शिट्टी चावत बसले.

मग त्यांनी पोरांना एक गोष्ट सांगितली, ती मी टाकीला टेकून ऐकत होते. म्हणाले, मी एकदा एका मुलीचा खेळ पाहिला होता, पक्की डावखुरी. गोलाकडे पाठ, दोघी अंगावर, आणि तिनं मनगट असं फिरवून, स्टिक उलटी करून सपाट बाजूनंच चेंडू मारला की गोलरक्षकाला कळायच्या आत तो जाळीत. मी जागेवरून उठून टाळ्या वाजवल्या. नंतर मी कितीदा संघाच्या याद्या पाहिल्या, तिचं नाव दिसलं नाही. कुठे गेली कोण जाणे. धाकटे, मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. तो गोल मला पाठ आहे. त्याच्यानंतर दोन सामने, मग तुझा गुडघा, मग ऑपरेशन. डॉक्टरांनी तू बरी झालीस म्हणून सांगितलं, आणि निवड करणाऱ्यांनी तुझ्या जागी दुसरी घेतली. त्या दिवशी तू दवाखान्यातून घरी न येता परस्पर नोकरीच्या गावी निघून गेलीस. आईनं आणि मी तुला काही विचारलं नाही. तुला वाटलं असेल, सगळे विसरले. तू कोण हे ठाऊक नसलेला एक माणूस अजून त्या गोलाला टाळ्या वाजवतोय.

तर पत्र लिहायचं कारण. ठिणगीनं त्यांना विचारलं, अशी मुलगी खरंच होती का, की आम्हाला खेळवायला सांगताय? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, होती काय, आहे, माझी सख्खी बहीण आहे ती. शिट्टीमामांच्या हातातला चहा सांडला. पण ठिणगी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, मग दाखवा. मी तुला न विचारता कबूल केलं नाहीये, विचारून सांगते एवढंच म्हटलंय, आणि तेव्हापासून ती पोरं रोज मला एकच विचारतात, बाई, विचारलं का? म्हणून विचारतेय. सामन्याच्या आधी चार दिवस रजा काढून ये. गुडघ्याला काही त्रास द्यायचा नाही, धावायला ती पोरं आहेत. तू फक्त स्टिकवर डावा हात वर धरून त्यांच्यासमोर उभी राहा. मैदान मिळावं म्हणून बोलावतेय हे खरंच आहे, ते कशाला नाकारू. पण मैदान मिळो न मिळो, तुझ्या हातात स्टिक बघून फार दिवस झाले गं, आणि मला ते परत बघायचंय. येशील ना?

वाट बघणारी,
तुझीच,
ताई