फट पडू नये म्हणून

३ मार्च
आज आलेलं: थोरलीच्या टाळूला चिकटवलेला पिंजरा, तो फिरवायची तारेची किल्ली, गुळण्यांचं औषध. मिळून अठरा हजार. तपासणीची फी दर खेपेला वेगळी! मुलीचा वरचा जबडा अरुंद, दात एकावर एक. रोज किल्लीचा एक फेरा दिला की मधला स्क्रू उघडतो आणि जबडा रुंदावतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या दोन दातांत फट पडेल, ती पडायलाच हवी. मुलगी एकोणीसची, हाड जुळून गेलेलं असू शकतं. आठवड्यात फट दिसली नाही तर किल्ली बंद, लगेच या. मी मान डोलावली. घाबरवल्याशिवाय या लोकांचं चालत नाही. मॅट्रिकला शास्त्रात बासष्ट गुण होते मला.

५ मार्च
वरच्या मजल्यावरच्या मुलालाही हाच पिंजरा. वय बारा. फट एवढी की भाताचं शीत अडकेल. त्याची आई फुशारकीने दाखवत होती. तो हसला आणि माझ्या अंगावर काटा आला. देवाला साकडं घातलं, माझ्या लेकीला हे नको.

१० मार्च
फट नाही. देव ऐकतो. तपासणी रद्द केली, दाखवायचं काय? थोरली म्हणते, त्यांनी उलट सांगितलं होतं. शिवाय नाकाच्या मुळाशी ठणकतं. म्हटलं, मोबाइल कमी बघ.

१४ मार्च
आजपासून दिवसाला दोन फेरे. लवकर उरकेल, फीही वाचेल. किल्ली जड जाते. बरणीचं झाकणही अडतंच, जोर लावला की सुटतं.

१७ मार्च
थोरली मऊ भातही एकाच बाजूने चावते. आज म्हणाली, "आई, दाढा बाहेर झुकताहेत. हात लावून बघ." लावला. हलल्यासारखी वाटली एक. रुंदावतंय, हेच तर हवं होतं. हिरडी जरा वर सरकली आहे. मिठाच्या गुळण्या.

२१ मार्च
किल्ली फिरवताना कट्ट झालं. जबडा सुटला! देवापुढे साखर ठेवली. थोरली जेवली नाही. रडलीही नाही, गुणाची पोर.

२३ मार्च
थोरली न सांगता एकटीच दवाखान्यात गेली. जाताना माझ्या डब्यातली किल्ली घेऊन गेली. दुपारी डॉक्टरीणबाईंचा फोन. ओरडल्या नाहीत. एवढंच विचारलं, "फट दिसत नव्हती, तर फिरवत का राहिलात?"
मी म्हटलं, दिसत नव्हती म्हणूनच.
मग काय काय झालंय ते त्यांनी सांगितलं, मी लिहून घेतलं.

२४ मार्च
यांना कामाच्या गावी पत्र टाकलं. नक्कल:
'इकडे सर्व ठीक. जबडा तसूभरही हलला नाही, दाढा मात्र हाडाबाहेर ढकलल्या गेल्या. कट्ट झालं ती त्यातलीच एक. ती काढावी लागेल, दुसरीचं सांगता येत नाही म्हणतात. पुढे जबड्याचं ऑपरेशन. काळजी नसावी, मी रोज देवापाशी बसते. थोरलीने तुम्हाला वेगळं लिहिलं असेल. दुसरी दाढ राहील का, आणि तिला फार दुखतं का, ते उलट टपाली कळवावे. माझ्यासमोर ती तोंड उघडत नाही.'