ट्रॅक्टरची जुनी सीट

बाबा, मी ट्रॅक्टर घेतला. हसू नका. शेतातला नाही, तुम्ही ज्याच्यावर बसलाय त्या फोटोतल्यासारखा, गुडघ्याएवढ्या चाकांचा, बागेतलं गवत कापायचा. इथं कतारमध्ये, मेसईदला कंपनीनं दिलेल्या घराच्या पोर्चमध्ये तो सावलीत उभा आहे आणि माझी गाडी बाहेर उन्हात तापतेय. तुमची सून म्हणते, आपल्या दारची हिरवळ चार टॉवेल वाळत घातले तर झाकून जाईल, तिला ट्रॅक्टर कशाला? तिचं बरोबर आहे. पण असले जुने ट्रॅक्टर शोधून, विकत घेऊन, दुरुस्त करत बसणारी माणसं जगभर आहेत, दोहातही आहेत, आणि गेली काही वर्षं मी त्यांच्या नादी लागलोय. कार्ब्युरेटरचे फोटो एकमेकांना पाठवतो आम्ही, लोक नातवंडांचे पाठवतात तसे. तुम्ही असता तर म्हणाला असता, आम्हाला ज्या कामाचा पगार मिळायचा ते तुम्ही सुट्टीच्या दिवशी हौसेनं करता होय.

तुम्ही नाशिकचं गॅरेजमधलं काम सोडून इथं आलात तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. साहेबांच्या बंगल्यांपुढची हिरवळ राखायच्या मशिनी तुमच्या ताब्यात होत्या. दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर यायचात, आणि आलात की आमच्याशी काय बोलावं हे तुम्हाला सुचायचं नाही. मग त्या ट्रॅक्टरचंच सांगत बसायचात. 'छोट्या' म्हणायचात त्याला. छोट्या सकाळी लवकर उठत नाही, छोट्याच्या नाकात धूळ गेली की शिंका देतो, छोट्याला गरम झालं की मी त्याला झाडाखाली नेऊन उभा करतो. आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "एक पोरगं इथं पण आहे तुमचं, त्याला पण न्या कधी झाडाखाली." तुम्ही हसायचात. मी हसत नसे. मला त्या छोट्याचा मनापासून राग यायचा.

अशाच एका सुट्टीत मी माझी सायकल उघडून बसलोय. तुम्ही आणलेल्या नव्याकोऱ्या पान्यांनी चाक काढलंय, आणि झिजलेला एक वायसर उचलून मी गटारात भिरकावतो. तुम्ही ओट्यावर चहा पीत असता. कप खाली ठेवून उठता आणि माझं मनगट धरता. "काढलेली वस्तू टाकायची नाही. गाडी चालू होईपर्यंत तर नाहीच नाही. ती तिथं का होती, हे आधी कळू दे." एवढंच. पुढं अर्धा दिवस आपण दोघं गटारात काडी घालून तो वायसर शोधतोय. सापडल्यावर तुम्ही तो सदऱ्याला पुसून माझ्या हातावर ठेवलात. तुमच्याकडून मी कामाचं शिकलो ते हे एक.

आणि मग ती गोधडी. कामगारांच्या कॅम्पातल्या एसीचा गारठा हाडात शिरतो असं तुम्ही लिहिलंत म्हणून आईनं ती खास तुमच्यासाठी घातली. तिचं हिरवं लुगडं, माझा चौथीतला निळ्या चौकड्यांचा सदरा, मध्ये काय काय जुनं. तिच्या प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्याला असतो तसा तांबड्या चिंधीचा त्रिकोण. तुम्ही ती बॅगेत सगळ्यात वर ठेवून नेलीत. पुढच्या सुट्टीला आलात तेव्हा आईनं पहिल्या दिवशीच विचारलं, "गोधडी उबदार आहे ना?" तुम्ही बुटाची नाडी सोडत होतात. मान वर न करता म्हणालात, "हरवली." "हरवली म्हणजे? एवढं मोठं धूड हरवतं कसं?" तुम्ही दुसऱ्या बुटाची नाडी सोडायला लागलात. आई त्या सगळ्या सुट्टीत तुमच्याशी कामापुरतंच बोलली आणि त्यानंतर तिनं तुमच्यासाठी गोधडी कधीच घातली नाही. मी अर्थातच तिच्या बाजूचा. तुम्ही परत निघालात त्या दिवशी रिक्षा दारात उभी होती आणि मी गच्चीवर जाऊन बसलो होतो. तुम्ही खालून दोनदा हाक मारलीत. मला ती ऐकू आली होती.

तुम्ही वारलात, त्यानंतर कितीतरी वर्षांनी मी इथं नोकरीला लागलो. गेल्या हिवाळ्यात बिरकत अल अवामेरच्या बाजूला एका भंगाराच्या यार्डात दुसरंच काहीतरी बघायला गेलो होतो, तर जुन्या जनरेटरांच्या मागे हा दिसला. फोटोतल्यासारखाच, त्याच कंपनीचा, तोच बसका चेहरा. यार्डवाला पठाण म्हणाला, "साब, ये चलेगा नहीं. बगीचे में सजा के रखो." मी म्हणालो, "चलेगा, इन्शाल्ला." तो खूप हसला. मी घेतला तो निव्वळ तुमच्या फोटोसाठी. तसाच आहे, एवढंच माझ्या मनात होतं.

मग माझे शुक्रवार त्याच्यात गेले. टाकीत जुन्या पेट्रोलची चिकट राळ झाली होती, ती खरवडली. कार्ब्युरेटर उघडून भोकं मोकळी केली, पॉइंट्स घासले, पट्टा बदलला, एअर फिल्टरमधून ओंजळभर बारीक वाळू झटकली. आमच्या मंडळींत मान असतो तो अस्सलपणाला. प्रत्येक भाग मूळ कंपनीचा हवा. म्हणून खोलायच्या आधी मी सगळीकडून फोटो काढले, आणि तुमचा नियम पाळून काढलेला एकेक खिळामोळा डब्यात घालून ठेवला. फक्त सीट ठेवली नाही. लोखंडाची पार गंजलेली सीट, तिच्यावर कुणीतरी कापडाची जाड घडी ठेवून वरून रेक्झिन ओढलेलं, खालून बाइंडिंगच्या तारेनं आवळलेलं. तारेची टोकं आत वळवली होती, बसणाऱ्याला टोचू नयेत म्हणून. काम नीट केलंय, एवढं मनात आलं. मग पक्कडीनं तार कापली आणि सगळा लगदा बलदियाच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, कचरापेटीत टाकून आलो. ऑइल प्यायलेलं, काळं पडलेलं ते बोचकं मला वस्तू वाटलंच नाही, बाबा. चिंधी वाटली. नवी सीट मी आधीच परदेशातून मागवलेली होती.

ट्रॅक्टर सुरू झाला त्या शुक्रवारी मी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला बारीकसारीक सगळं दिसतं. आधी कसा होता आणि आता कसा झालाय हे तुमची नात तिला फोटोंतून दाखवत होती. सीटच्या फोटोवर आई म्हणाली, "थांब. हलवू नको." फाटक्या रेक्झिनमधून कापडाचा एक कोपरा बाहेर आला होता, एवढंच मला दिसत होतं. आई म्हणाली, "ही माझी गोधडी हाये."

"आई, असली कापडं कुठंही असतात."

"तांबडा कोपरा कुठंही नसतो. आणि ह्यो तुझा चौथीतला सदरा. चौकडा बघ."

"आजी, हाऊ डू यू नो?" नातीनं विचारलं.

"माझा टाका मला कळणार नाही?" आई म्हणाली. तिनं फोन डोळ्यांजवळ नेला. मग हळूच म्हणाली, "म्हंजे हरवली नव्हती." आणि तोंडावर पदर धरून हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "दिवसभर लोखंडावर बसून कंबर धरत असंल त्यांची. सांगायचं तरी! मी काय नको म्हणले असते का? छोट्याला शिवली म्हणाले असते तर मी रागावले असते, ते खरं. पण मग दुसरी घातली असती." डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "येताना घेऊन ये. धुऊ नको. तशीच आण."

मी हो म्हणालो.

कॉल संपल्यावर कचरापेटीपाशी गेलो. मधे कितीतरी आठवडे गेले होते, ती किती वेळा रिकामी झाली असेल. तरी वाकून आत बघितलं. शेजारच्या केरळी बाईनं काही हरवलं का म्हणून विचारलं, तिला नाही म्हणालो.

तुम्ही खोटं का बोललात हे आता कळतं. ज्या ट्रॅक्टरवरून घरात आधीच टोमणे खात होतात, त्याच्यावर बायकोची गोधडी कापून बांधली हे तुम्हाला सांगवलं नसेल. पण रोज तिच्यावरच बसत होतात. माझ्या सदऱ्यावर बसत होतात. मी गच्चीवर बसून राहिलो त्या वर्षीही. हे मला फार लागलंय, बाबा. तुम्ही आम्हाला विसरला होतात असं मी इतकी वर्षं धरून चाललो, आणि तुमच्या हातची एकच वस्तू हाती आली, तीही मी, तिथं का होती हे कळायच्या आत, टाकून दिली.

छोट्या आता पहिल्या खेपेला सुरू होतो. मंडळी म्हणतात, सगळ्या दोहात एवढा अस्सल दुसरा नाही. मी हे त्याच्याच नव्या सीटवर बसून लिहितोय, आणि ती टणक आहे. पुढच्या महिन्यात सुट्टीवर जायचंय. आईनं कपाटातला वरचा कप्पा रिकामा करून ठेवलाय, काल फोनवर सांगत होती. खरं काय ते सांगायचं म्हणून मी रोज मनाची तयारी करतो. पण हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, म्हणून तुमच्यापाशी कबूल करतो. तिनं बॅगेकडे हात नेला की मी खाली वाकून बुटाची नाडी सोडत बसेन आणि म्हणेन, हरवली.