ग्लास मी निवडले

अण्णा,

गेल्या महिन्यात मी दारूचे ग्लास विकत आणले. स्वतः दुकानात उभं राहून, एकेक हातात घेऊन, उजेडाकडे धरून निवडले. तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली आणि एवढ्या वर्षांत तुम्हाला सांगावंसं वाटलेलं हे पहिलंच काम. माझं लग्न झालं, नर्सची नोकरी लागली, मुलगा झाला, तेव्हा मला तुमची आठवण आली नाही असं नाही. पण ती आली तशी मी परत पाठवली.

मुलानं जुळे सोलापूर ह्या नव्या भागात फ्लॅट घेतला. मोठी बैठकीची खोली, एका भिंतीला काचेचं कपाट. त्याला ऑफिसातल्या मित्रांना रविवारी दुपारी जेवायला बोलवायचं होतं आणि त्या कपाटात ठेवायला नीट ग्लास हवे होते. सून म्हणाली, "आई, तुम्हीच चला. ह्यांना एकट्याला पाठवलं तर स्वस्तातले उचलून आणतील." मी नाही म्हणायला हवं होतं. पण निवृत्त होऊन वर्ष झालंय, आणि कुणी कुठं चला म्हटलं की मी चपला घालते.

नव्या पेठेतलं काचसामानाचं दुकान. दुकानदार चांगला होता, घाई नव्हती त्याला. त्यानं काउंटरवर कापड अंथरलं आणि एकेक प्रकार मांडत गेला. हा व्हिस्कीचा, बुटका, बुडाला जड. हा उंच, सोडा-सरबताला. हे बीअरचे मग. हे दांडीचे, वाइनचे. बर्फाचं भांडं, चिमटा, मापाचं छोटं पात्र. मुलगा दांडीच्या ग्लासावर भाळला होता. मी म्हटलं, "ते नको. घरात सहा वर्षांची पोर आहे, धक्का लागला की आडवा होईल. बिनदांडीचे घे." मग मी बोलतच गेले. तोंड रुंद पाहिजे, नाहीतर बर्फाचा मोठा तुकडा जात नाही आणि धुताना हातही जात नाही. नक्षी नको, नक्षीत मळ बसतो. काठावरून बोट फिरवून बघ, टवका असला तर बोटाला कळतो, डोळ्याला नाही. नखानं टिचकी मारून आवाज ऐक. दुकानदार म्हणाला, "मॅडमना लई पारख हाय की." मला बरं वाटलं अण्णा, हेच तर वाईट आहे. मला त्या दुकानात मजा येत होती.

मग मुलानं विचारलं, साठ मिली म्हणजे ग्लासात साधारण किती? दुकानदार मापाचं पात्र शोधायला वळला. तेवढ्यात मी त्या बुटक्या ग्लासाच्या बुडाशी दोन बोटं आडवी लावली होती. "एवढं," मी म्हटलं. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. "आई, तुला कसं माहीत?" मी म्हटलं, "आयुष्यभर दवाखान्यात औषधंच मोजली ना रे." तो हसला. त्याला पटलं.

तुम्ही पाणी सोडायचं काम करायचात. लांब लोखंडी चावी खांद्यावर टाकून निघायचात आणि ज्या गल्लीत तुम्ही चावी फिरवाल त्या गल्लीत नळ वाहायचे. अर्धा तास जास्त पाणी म्हणजे काय, ते सोलापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. त्या अर्ध्या तासासाठी लोक तुम्हाला रामराम करायचे, चहा पाजायचे, आणि ज्यांना तुमची खरी ओळख होती ते वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली द्यायचे. रविवारी सकाळी तुम्ही पांढरा सदरा घालून विहारात वंदनेला जायचात. पहिल्या रांगेत बसायचात. पाचवं शील तुमच्या तोंडून मी शेकडो वेळा ऐकलंय, स्पष्ट, खड्या आवाजात. मद्यापासून दूर राहीन. तिथून घरी यायचं, सदरा खुंटीला लावायचा, आई चुलीवर मटण ठेवते आहे, आणि तुम्ही मला हाक मारता. "पोरी, तुझा ग्लास आण."

माझा ग्लास. चौथी पास झाले तेव्हा कुंभारी गावच्या आजोबांनी दिलेला, स्टीलचा, माझं नाव कोरलेला. आपल्या घरात नाव घातलेलं ते एकच भांडं. तुम्हाला तोच लागायचा, कारण तो खोल होता आणि स्टीलमधून रंग दिसत नाही. कुणी दारात आलं तरी अण्णा पाणी पीत बसलेत. ओतायचं काम माझं. "दोन बोटं. जास्त न्हाय, कमी न्हाय." स्टीलच्या ग्लासाला बोटं लावून काही कळत नाही, म्हणून मी वरून वाकून बघायचे, आणि नाकातून डोक्यापर्यंत जळत जायचं. पहिल्या ग्लासानंतर तुम्ही चांगले असायचात, हे मी लिहून ठेवते. मला जवळ बसवून जमिनीखालून पाणी कसं जातं ते सांगायचात, कुठल्या रस्त्याखाली कुठली नळी. "माझी पोरगी साहेब हुणार," म्हणायचात. ते पाव तास टिकायचं. तिसऱ्या ग्लासाला आईच्या हातचं मीठ कमी व्हायचं किंवा जास्त व्हायचं. ताट भिंतीवर जायचं. मी आईच्या पदराआड, आणि आईचा एक हात मागे, माझ्या डोक्यावर. तिचं डावं मनगट शेवटपर्यंत नीट वळत नव्हतं. लोकांना ती सांगायची, नळावर घसरले.

सहावीत शाळेनं सहभोजन ठेवलं. प्रत्येकानं आपापलं ताट आणि ग्लास आणायचा. आईनं ग्लास राखेनं घासून दिला होता, तरी त्याच्या कडेच्या वळणात वास राहिलाच असणार. बाई मठ्ठा वाढत आल्या. माझा ग्लास हातात घेतला आणि ओतायच्या आधी थांबल्या. नाकाशी नेला. आजूबाजूच्या मुली बघत होत्या. बाईंनी ग्लासावरचं नाव वाचलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या घरांमधून हे असायचंच. जा, धुऊन आण." तुमच्या घरांमधून. मला अकरा वर्षं होती, पण त्या शब्दात किती घरं येतात ते मला कळलं. मी नळावर गेले, माती लावून घासला, पुन्हा घासला, आणि परत रांगेत गेलेच नाही. पंगत उठेपर्यंत तिथंच उकिडवी बसून राहिले.

त्या बाईंचा मला राग आला, अजून येतो. आपल्या वस्तीत कितीतरी घरं होती जिथं दारूचा थेंब शिवत नव्हता. शेजारची मावशी तर औषधातसुद्धा घ्यायची नाही. त्या सगळ्या घरांना बाईंनी एका वाक्यात ओढलं, आणि मला त्यांना खोटं म्हणता आलं नाही. ते तुमच्यामुळं. घरी येऊन मी रडत सांगितलं. आई हातातलं काम टाकून उभी राहिली. तुम्ही विचारलंत, "बाईंला माजं नाव सांगिटलंस काय?" एवढंच विचारलंत. मी मान हलवली, नाही म्हणून. तुम्ही सुटकेचा श्वास टाकलात आणि आंघोळीला गेलात. पुढच्या रविवारी मी ओट्याजवळ उभी होते, हाक यायची वाट बघत. हाक आली नाही. तुम्ही आईचा ग्लास घेतला होता. तुमच्या लेखी ती माफी होती, असं मला पुढं बऱ्याच वर्षांनी वाटलं. पण आईलाही तोंड लावून पाणी प्यायला एक ग्लास लागत होता, हे तुमच्या ध्यानात आलं नाही.

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना तुम्ही गेलात. पोट फुगलेलं, डोळे पिवळे. पुस्तकात वाचलेलं सगळं तुमच्या अंगावर होतं. मी रडले नाही. आई रडली, आणि मला तिचाही राग आला.

आता त्या रविवारचं सांगते. मुलाचे चार मित्र आले होते, दोघांच्या बायका होत्या. कडक भाकरी, मटण, शेंगाचटणी, सगळं मुलानं आणि सुनेनं मिळून केलं होतं, मला हात लावू दिला नाही. कपाटातून ग्लास निघाले. दुपारच्या उन्हात ते सुंदर दिसत होते. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले आणि मुलाच्या हाताकडे बघत राहिले. पहिला ग्लास. तो जोक सांगत होता. दुसरा ग्लास अर्धा झाला, माझी पाठ ताठ झाली. मी मनात म्हणत होते, आता. आता मिठावरून निघेल. एक मित्र म्हणाला, "वहिनी, मटण जरा तिखट झालंय हं." मुलगा म्हणाला, "मी केलंय रे बाबा, मला शिव्या घाल." सगळे हसले. मग कुणाच्या तरी कोपराला लागून एक ग्लास खाली पडला, फुटला. मी खुर्चीचे हात घट्ट धरले. मुलगा केरसुणी घेऊन आला, गुणगुणत काचा गोळा केल्या, ओल्या फडक्यानं फरशी पुसली. दुसऱ्या ग्लासानंतर त्यानं ताक घेतलं. काही झालं नाही. काहीच झालं नाही, अण्णा, आणि मला ते सोसेना. दोन ग्लास पिऊन माणूस असा घरात राहू शकतो, तर मग आपल्या घरात काय अडलं होतं?

तेवढ्यात नात बर्फाचं भांडं घेऊन चालत आली. दोन्ही हातांनी धरलेलं, वर चिमटा. एका पाहुण्याच्या ग्लासात तिनं एक तुकडा टाकला. तो म्हणाला, "शाब्बास." आणि मी उठले. कशी उठले ते आठवत नाही. भांडं तिच्या हातातून हिसकावलं आणि भिंतीवर फेकलं. बर्फ सगळीकडं. मी ओरडत होते, आणि आवाज माझा नव्हता. "पोरीला दारू वाढाय लावतोस? लाज न्हाय वाटत? कुटं शिकलास ह्ये?" चाळीस वर्षं मी शुद्ध बोलते. वॉर्डात, बँकेत, सोसायटीत. त्या दुपारी तुमची बोली, तुमचा वरच्या पट्टीतला आवाज, माझ्या तोंडून आला. मी नातीला जवळ घ्यायला हात पुढं केला तर ती मागे सरली आणि मुलाच्या पायामागं जाऊन लपली. त्याचा एक हात मागे गेला, तिच्या डोक्यावर.

पाहुणे सभ्यपणे उठले, उशीर झाला म्हणाले. दुपारचे तीनसुद्धा वाजले नव्हते. मुलानं बर्फ उचलला. मला एक शब्द वाकडा बोलला नाही. फक्त म्हणाला, "आई, तिला कुणी सांगितलं नव्हतं गं. तिला तो चिमटा आवडतो." मग रिक्षा बोलावून दिली.

तीन आठवडे झाले. तो रोज फोन करतो, बीपीची गोळी घेतली का विचारतो. घरी ये म्हणत नाही. सून म्हणते, "पोर अजून जरा घाबरतीये, आई. थोडे दिवस जाऊ द्या." त्यांना मी वेडी वाटत असणार. वाटणारच, कारण त्यांना काहीच माहीत नाही. मुलगा लहान होता तेव्हा आजोबा कसे होते म्हणून विचारायचा, आणि मी रचून सांगायचे. आजोबा शहराला पाणी पाजायचे. म्हातारीच्या घरी पाणी नाही गेलं तर स्वतः घागर नेऊन द्यायचे. आजीला ताट वाढून द्यायचे. मला शाळेत सोडायला खांद्यावरून न्यायचे. एकही गोष्ट खरी नव्हती. तो मोठा झाला त्या आजोबांच्या गोष्टी ऐकत, आणि मला वाटतं थोडा त्यांच्यासारखाच झाला.

खरं सांगायचं तर हे पत्र मी त्याला लिहायला बसले होते. सगळं सांगावं, म्हणजे त्या दिवशी मला काय झालं ते त्याला कळेल आणि मला पोरीला भेटता येईल. सकाळपासून दोन कागद फाडले. नाही लिहवत. त्याला खरं कळलं की ते गोष्टीतले आजोबा जातील. आणि त्या गोष्टी त्याला सांगता सांगता, अण्णा, तो माणूस मलाही आवडायला लागला होता. तो गेला तर मला दुसरे वडील नाहीत.