गुरूचा चंद्र आणि नंदाचं गुरुबळ

१४ नोव्हेंबर १९९९, तीर्थपुरी

वहीबाई, रागावू नको. पोळ्यापासून तुला हात लावला नाही. कारण एकच – नंदा. थोरल्या मुलाची पोरगी, माझी नात, पुण्यात शिकते. काय शिकते? तर गुरू ग्रहाच्या एका चंद्रावर ज्वालामुखी आहेत, त्यांचा धूर गुरूभोवती जाऊन काय करतो, ते! माझं शिक्षण चौथी. आमच्या वेळी गुरूला चंद्रच नव्हते. निदान मास्तरांनी सांगितले नव्हते.

आज जोशीबुवांनी तिची पत्रिका पाहिली. मुलीच्या लग्नाला गुरुबळ हवं. "तेच कमी हाय, आबा," म्हणाले. असणारच! रोज उठून त्याच्या घरातला धूर चव्हाट्यावर आणायचा, मग तो बळ कशाला देईल?

१६ नोव्हेंबर

नंदाला कार्ड टाकलं. "ग्रह बदलून मिळतो का, सरांना विचार. शनी नको. बुध चालेल."

२७ नोव्हेंबर

उत्तर आलं. चार पानं! ग्रह बदलून मिळत नाही.

त्या चंद्राचं नाव आयो. त्याच्यापासून दर सेकंदाला टनभर गंधकाचा वायू सुटतो. त्याचे कण फुटतात, त्यांच्यात वीज भरते. मग गुरूचं चुंबक त्यांना धरतं आणि आपल्याबरोबर गरगर फिरवतं. गुरूची गिरकी दहा तासांची, चंद्राची फेरी पावणेदोन दिवसांची. म्हणजे चंद्रानं सोडलेला धूर मागून येऊन चंद्रालाच धडकतो! "आबा, जिनिंगमध्ये कापसाचे तंतू हवेत तरंगतात ना, तसं कडं आहे गुरूभोवती." हे मात्र समजलं. अकरा वर्षं जिनिंगला होतो, अजून खोकतो.

पुढे लिहिते, त्या चंद्रापासून गुरूच्या ध्रुवापर्यंत वीज वाहते आणि तिथं एक ठिपका उजळतो. चंद्र सरकला की ठिपकाही सरकतो. म्हणजे एवढासा चंद्र, चार लाख किलोमीटरवरून, गुरूच्या डोक्यावर दिवा लावतो! वाचून छाती फुगली. मग काळजी – जोशीबुवांना कळलं तर?

५ डिसेंबर

नंदाला पाहायला जाफराबादचे बद्रीनाथराव आले. मुलगा रामकिसन, शेती खात्यात आहे. नंदाला बजावलं होतं, "गणित शिकते म्हण." बद्रीनाथरावांनी विचारलं, "काय शिकून राह्यली, बाई?" हिनं सगळं सांगितलं! पोह्यांच्या ताटलीभोवती लिंबाची फोड फिरवून! सूनबाई माझ्याकडे डोळे वटारून बघत होती, जसा काही तो चंद्र मीच पेटवला.

त्यात मुलगा म्हणतो, "पण चंद्राला सोताचं चुंबक न्हाई म्हणता. मंग वीज येती कुठून?"

"सायकलच्या डायनॅमोत येते तशी. चुंबक फिरतं, तारेत वीज येते. आयो म्हणजे ती तार."

"म्हंजे दिवा गुरूवर, अन् पायडल मारतो बी गुरूच?"

"बरोबर! एवढं आमच्या वर्गात कुणी विचारलं नव्हतं."

अर्धा तास हेच. पोहे गार. नंदा लालबुंद. रागावली असणार.

निघताना बद्रीनाथराव मला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरगी हुशार हाय, बिलकुल. पण लग्नानंतर हे बंद. जाफराबादला गुरूच्या चंद्राचं काय काम? आठ दिवसांत कळवा, आबा." मुलगा तोवर जीपपाशी गेला होता.

८ डिसेंबर

शेजारचा कडूबा म्हणतो, "असं ठिकाण परत न्हाई यायचं. लग्नाचा बार उडवून दे जल्दी." घास उतरत नाही.

१२ डिसेंबर

कुणालाही न विचारता जाफराबादला पत्र टाकलं. "मुलीस गुरुबळ नाही. तीन वर्षं लग्न करता येत नाही. क्षमा असावी." तीनच वर्षं तिचं शिक्षण उरलंय! दुसरं कुठलंही कारण दिलं असतं तर बद्रीनाथराव भांडायला आले असते. गुरूशी कोण भांडणार? जन्मात पहिल्यांदा एक काम स्वतःच्या हिमतीवर केलं. दोन भाकरी खाल्ल्या.

२० डिसेंबर

नंदाचं पत्र. "आबा, रामकिसन यांचं पत्र आलं होतं. वडिलांची अट त्यांना मान्य नाही. माझं शिक्षण चालू राहावं म्हणून त्यांनी पुण्याला बदलीचा अर्जही केलाय. मला ते पसंत आहेत. तुमचा होकार गेला ना?"

बसल्या जागी जाफराबादला कार्ड लिहिलं – "बद्रीनाथराव, जोशीबुवांची बेरीज चुकली होती. गुरू चांगला बळकट आहे. आधीचं पत्र फाडून टाका. मुलाला दाखवलं नसेल तर दाखवू नका. होय म्हणा, नाही म्हणा, शिव्या द्या – पण हात जोडतो, उलट टपाली कळवा."