पातेलं खरवडल्याचा आवाज

जगदेवी,

तुझी थोरली जाऊ महानंदा वारून आज वर्ष झालं. मी तिच्या माहेरी चाललेय, सांजच्याला येते.

डॉक्टरनं दिलेल्या ताकदीच्या गोळ्या घे, पण आधी पोटभर जेव. मेथीची भाजी आन् दूध तुझ्यासाठी निराळं झाकून ठेवलंय. पुरुषमाणसं जेवून उठायची वाट बघू नको. कुणी बोललं तर माझं नाव सांग.

महानंदानं एक गोळी चुकवली न्हाय. पण जेवायची सगळ्यांच्या मागनं. दुपारी आमी आडवं झालो की सैपाकघरातनं पातेलं खरवडल्याचा आवाज यायचा. मी कूस बदलायची.

काल दुपारी तो आवाज परत आला. उठून दारातनं बघितलं, तर तू बसली होतीस.

तुझी सासू,
गुरम्मा